हिरव्या चादरीखालचा ऑक्सिजन

हॉस्पिटलात आग लागली तर टेबलावर भूल देऊन झोपवलेल्या माणसाचं काय होतं? २०२१ साली हा प्रश्न महाराष्ट्रात अनेकांच्या मनात आला असेल. त्या वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या कक्षात आग लागून १० बाळं दगावली आणि ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागातले ११ रुग्ण. अशा आगींत प्रश्न असतात ते वायरिंगचे, धुराचे आणि बाहेर पडायच्या वाटांचे. त्यांच्यासाठी आपल्याकडे २००६ सालचा आग प्रतिबंधक कायदा आहे. इमारतीतली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी द्यायचं, असं त्यात सांगितलेलं आहे. ते दिलं जातं का आणि दिलं तर खरं असतं का, हा वेगळ्या पुस्तकाचा विषय होईल.

या प्रकरणातली आग निराळी आहे. ती पेशंटच्या अंगावर लागते, कधी त्याच्या घशात लागते. छतावरचा भोंगा वाजायच्या आत तिचं काम झालेलं असतं. ती क्वचित लागते, पण का लागते हे नीट कळलेलं आहे आणि म्हणूनच ती जवळजवळ नेहमी टाळता येते.

१. टेबलाभोवती जमलेल्या तीन गोष्टी

जळणारी वस्तू, ठिणगी आणि ऑक्सिजन या तिन्ही एकत्र आल्याशिवाय आग लागत नाही, हे आपण शाळेत शिकलो. घरात या तिघांची गाठ आपण ठरवून, शेगडीवर घालून देतो. ऑपरेशन थिएटरमध्ये त्या वीतभर अंतरात येतात, आणि पंचाईत अशी की तिघांपैकी प्रत्येकीची तिथे खरोखर गरज असते.

जळण्याजोगं काय आहे ते आधी पाहू. पेशंटवर अंथरलेल्या चादरी, मग त्या धुऊन वापरायच्या असोत की एकदा वापरून टाकायच्या. कापूस, गॉज, मॉप, गाऊन, प्लास्टिकच्या नळ्या, चिकटपट्ट्या. त्वचा साफ करायचं स्पिरिट. पेशंटचे स्वतःचे केस, भुवया, दाढी-मिशा. आतड्यातला वायूसुद्धा या यादीत येतो. त्याच्याकडे पुढे वळू.

ठिणगी बहुतेक वेळा कॉटरीची असते. कॉटरी म्हणजे पेनसारखं दिसणारं विजेचं हत्यार. कापता कापता ते बारीक रक्तवाहिन्या भाजून बंद करतं, म्हणून रक्त कमी जातं. हार्वर्डमधले शास्त्रज्ञ विल्यम बोव्ही यांनी हे यंत्र घडवलं, आणि मेंदूचे नामवंत सर्जन हार्वे कुशिंग यांनी १ ऑक्टोबर १९२६ रोजी बोस्टनमध्ये ते वापरलं. घरातली वीज सेकंदाला १०० वेळा दिशा बदलते, कॉटरीतली काही लाख वेळा. इतक्या झपाट्यानं बदलणाऱ्या प्रवाहाला स्नायू आणि नसा दाद देत नाहीत, त्यामुळे पेशंटला शॉक बसत नाही. टोकाशी उष्णता मात्र भरपूर तयार होते आणि ठिणग्या उडतात. कॉटरीखेरीज लेसर आहे. दुर्बिणीनं करायच्या ऑपरेशनमध्ये प्रकाश नेणारी केबल असते. ती चालू ठेवून कुणी चादरीवर टाकली तर तिच्या टोकाखालचं कापड करपतं.

तिसरा ऑक्सिजन. तो भिंतीतल्या पाइपमधून किंवा सिलिंडरमधून येतो, आणि या प्रकरणाचा खरा नायक तोच आहे. खलनायकही म्हणता येईल.

२. ईथर गेला, भीतीही गेली

भुलेचा इतिहास आणि आगीचा इतिहास जोडीनंच सुरू झाला. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन यांनी ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवली. ईथर चांगला होता, स्वस्त होता, आणि पेट्रोलसारखा पेटणारा होता. तो सुमारे ३५ अंश सेल्सियसला उकळतो, म्हणजे विदर्भातल्या उन्हाळ्यात बाटली उघडी राहिली तर आपोआप उडून जाईल. त्याची वाफ हवेच्या अडीचपट जड असते. ती वर जात नाही, जमिनीवर पसरते आणि लांबच्या ठिणगीपर्यंत पोचते. पुढे १९३० च्या दशकात सायक्लोप्रोपेन हा वायू आला. भूल म्हणून उत्तम, पण ऑक्सिजनमध्ये मिसळला की नुसता पेटत नसे, त्याचा स्फोट होई. भुलेच्या यंत्रापासून पेशंटच्या फुप्फुसापर्यंत सगळं तेच मिश्रण भरलेलं असल्यानं स्फोट छातीच्या आतही होई.

त्या काळच्या डॉक्टरांना ठिणगीची धास्ती होती, अगदी अंगावरच्या स्थितिक विजेचीसुद्धा. म्हणून थिएटरची जमीन वीज वाहून नेणारी करायची, पायांत त्याच प्रकारच्या तळव्यांचे बूट घालायचे, नायलॉन आणि लोकर आत आणायची नाही, हवेत दमटपणा राखायचा, विजेची बटणं जमिनीपासून पाच फुटांवर बसवायची, असे नियम झाले. जुन्या थिएटरमध्ये प्लग उंचावर का असतात, याचं उत्तर ईथरच्या जड वाफेत आहे.

१९५१ साली इंग्लंडच्या आयसीआय कंपनीतल्या चार्ल्स सकलिंग यांनी हॅलोथेन बनवला, आणि १९५६ मध्ये मँचेस्टरच्या मायकेल जॉन्स्टन यांनी तो पेशंटवर वापरला. हॅलोथेन पेटत नाही. त्याच्यामागून आलेले आयसोफ्लुरेन, सेवोफ्लुरेन हेही थिएटरमधल्या वापरात पेटत नाहीत. ईथर हळूहळू मागे पडला. बूट गेले, जमिनीही साध्या झाल्या.

माझ्या मते गोंधळ इथे झाला. भूल पेटत नाही म्हणजे थिएटर पेटत नाही, असा समज पसरला. पण त्याच काळात कॉटरी घरोघरच्या मिक्सरइतकी सर्रास झाली, अल्कोहोलवाली जंतुनाशकं आली, एकदा वापरून फेकायच्या कृत्रिम धाग्यांच्या चादरी आल्या, आणि ऑक्सिजन भिंतीतून हवा तितका मिळू लागला. धोक्याचं एक दार बंद झालं तेव्हा तीन-चार नवी उघडत होती, आणि तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

३. हवेत २१ टक्के, चादरीखाली किती?

ऑक्सिजन स्वतः जळत नाही. तो दुसऱ्याला जाळायला मदत करतो. शाळेतला प्रयोग आठवा. विझलेली, टोकाशी जेमतेम लाल असलेली काडी ऑक्सिजनच्या परीक्षानळीत सोडली की भपकन पेटते. काडी तीच आणि निखाराही तोच, बदललं ते भोवतालच्या ऑक्सिजनचं प्रमाण.

आपल्या हवेत ते २१ टक्के आहे. ३० टक्क्यांच्या पुढे गेलं की वस्तू कमी उष्णतेवर पेटतात, आग झपाट्यानं पसरते, आणि एरवी न पेटणाऱ्या वस्तूही पेटू लागतात. कापडावरची लव, गालावरची बारीक केसांची लव यांवरून ज्योत सरकत जाते. डोळ्याला नीट दिसायच्या आत ती इकडून तिकडे गेलेली असते. लाफिंग गॅस, म्हणजे नायट्रस ऑक्साइड, याच जातीचा. तो उष्णतेनं फुटला की त्यातून ऑक्सिजनच सुटतो. म्हणून ‘ऑक्सिजन कमी केलाय, त्याऐवजी नायट्रस देतोय’ ही सुरक्षितता नव्हे.

आता एक साधं उदाहरण घेऊ. मानेवरची गाठ काढायची आहे. जागा बधिर केली, थोडं गुंगीचं औषध दिलं, पेशंट स्वतः श्वास घेतोय. नाकाला ऑक्सिजनची बारीक नळी लावली, मिनिटाला ४ लिटर. चेहऱ्यावरून हिरवी चादर आली. अर्धा तास गेला. किती ऑक्सिजन बाहेर आला? ४ गुणिले ३०, म्हणजे १२० लिटर. झोपलेलं मोठं माणूस मिनिटाला साधारण पाव लिटर ऑक्सिजन खर्च करतं, म्हणजे अर्ध्या तासात साडेसात लिटर. उरलेला ११२ लिटर कुठे गेला? बराचसा चादरीखाली, मानेपाशी, उशीच्या घडीत आणि केसांत. ऑक्सिजन हवेपेक्षा किंचित जड असतो आणि चादर त्याला कोंडून धरते. आणि सर्जनची कॉटरी आहे त्या चादरीच्या कडेला, चार बोटांवर.

स्वयंपाकघरात गॅसचा वास आला तर आपण आधी दिवा लावत नाही. रेग्युलेटर बंद करतो, खिडक्या उघडतो, थोडं थांबतो. थिएटरमध्येही हेच करायचं असतं. फरक इतकाच की ऑक्सिजनला वास नाही, त्यामुळे कुणाच्या नाकाला इशारा मिळत नाही. म्हणून कॉटरी वापरायच्या आधी सर्जननं सांगायचं, भूलतज्ज्ञानं ऑक्सिजन बंद किंवा कमी करायचा, काही मिनिटं जाऊ द्यायची, आणि मग कॉटरी. चादर अशी उभारायची की चेहऱ्याकडची बाजू मोकळी राहून वायू निघून जाईल.

अमेरिकेत नुकसानभरपाईच्या दाव्यांतून नोंदलेल्या १०३ थिएटर-आगींचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. दहांतल्या नऊ आगी कॉटरीनं लागल्या होत्या. कॉटरीनं लागलेल्या या आगींपैकी ८५ टक्के डोकं, मान किंवा छातीच्या वरच्या भागाच्या ऑपरेशनमधल्या होत्या, आणि ८१ टक्के वेळा पेशंट पूर्ण भुलेखाली नव्हता, गुंगीत होता. किरकोळ वाटणाऱ्या ऑपरेशनमध्ये जास्त धोका, असं हे उलटं चित्र आहे. कारण उघड आहे. पूर्ण भुलेत ऑक्सिजन श्वासनळीतल्या नळीतून आत जातो आणि नळीतूनच परत येतो. गुंगीत तो चेहऱ्यावर मोकळा सुटतो.

मग ऑक्सिजन देऊच नये का? बऱ्याच पेशंटना खरोखर गरज नसते. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर साध्या हवेवर ९७ दाखवत असेल तर सवयीनं नळी लावण्यात काही फायदा नाही. ज्यांना लागतोच त्यांना हवेत मिसळून देता येतो. मिनिटाला १० लिटर मिश्रण हवं असेल तर १.१ लिटर ऑक्सिजन आणि ८.९ लिटर हवा घ्या. हवेतला ऑक्सिजन ८.९ च्या २१ टक्के, म्हणजे १.८७ लिटर, त्यात १.१ मिळवले की २.९७. दहा लिटरमध्ये जवळजवळ तीन, म्हणजे ३० टक्क्यांच्या आत. एवढ्यानं भागत नसेल तर नळी घालून पूर्ण भूल देणं जास्त सुरक्षित, असं भूलतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

४. स्पिरिट वाळू द्या

डिसेंबर २०१९ मध्ये रुमानियाच्या बुखारेस्ट शहरात स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या एका स्त्रीवर शस्त्रक्रिया चालू होती. त्वचा अल्कोहोलच्या जंतुनाशकानं पुसलेली, त्यावर कॉटरी लावली गेली. ती स्त्री टेबलावरच पेटली, अंगाचा ४० टक्के भाग भाजला आणि काही दिवसांत ती गेली. इथे ऑक्सिजनची फारशी मदत लागली नाही. अल्कोहोलची वाफ साध्या हवेतही पेटते.

मग अल्कोहोल वापरतातच कशाला? कारण ते चांगलं आहे. क्लोरहेक्सिडिन आणि ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल यांचं मिश्रण जंतू मारायला फार प्रभावी असतं, आणि ऑपरेशननंतरची जखम चिघळण्याचा धोका हा आगीपेक्षा कितीतरी अधिक वेळा भेटणारा शत्रू आहे. त्याच्यावर बंदी घालणं शहाणपणाचं नाही. ते वाळेपर्यंत थांबणं मात्र शक्य आहे.

किती वेळ? उघड्या त्वचेवर निदान तीन मिनिटं. केसांत भिनलं असेल तर तासभरही. खरी अडचण डबक्यांची. बेंबीत साचलेलं, पाठीखाली ओघळलेलं, कमरेखालच्या चादरीत मुरलेलं स्पिरिट तीन मिनिटांत वाळत नाही, आणि वरून चादरी घातल्या की त्याची वाफ आत कोंडते. म्हणून ओघळ टिपून घ्यायचे, भिजलेलं कापड बदलायचं, भिजलेले बोळे टेबलापासून दूर न्यायचे. अल्कोहोलची ज्योत फिकट निळी असते आणि थिएटरच्या झगझगीत दिव्याखाली ती जवळजवळ दिसत नाही. कधी कधी आधी जाणवतं ते कापड तपकिरी होत जाणं. बिटाडीनचं पाण्यातलं द्रावण पेटत नाही. केसाळ जागी किंवा चेहऱ्यावर ते त्यासाठी सोयीचं पडतं.

तीन मिनिटं म्हणजे किती, हे थिएटरमध्ये उभं राहिल्याशिवाय कळत नाही. यादीतली पुढची चार ऑपरेशनं खोळंबलेली असतात आणि सर्जन हातमोजे घालून तयार असतात.

५. घशात आणि पोटात

श्वासनळीतली आग सगळ्यांत भयंकर. पूर्ण भुलेत घातली जाणारी नळी पीव्हीसीची असते. साध्या हवेत ती पेटत राहत नाही. पण ऑक्सिजन २६ टक्क्यांच्या आसपास गेला की पेटते. पेटल्यावर आतून ऑक्सिजनचा झोत वाहतच असतो, म्हणजे ज्वाळा थेट फुप्फुसाच्या दिशेनं जाते.

हे घडण्याची सर्वांत ओळखीची जागा म्हणजे ट्रेकिओस्टॉमी, मानेतून श्वासनळीला छिद्र पाडण्याची शस्त्रक्रिया. वरची त्वचा आणि स्नायू कॉटरीनं कापले तर चालतं; श्वासनळीत शिरताना मात्र कॉटरी बाजूला ठेवायची आणि सुरी किंवा कात्री घ्यायची. त्याआधी भूलतज्ज्ञाला सांगून ऑक्सिजन शक्य तितका खाली आणायचा. नियम दोन ओळींचा आहे. मोडला जातो तो बहुधा घाईत, कारण हे पेशंट आधीच श्वासासाठी झगडत असतात आणि ऑक्सिजन कमी करायला कुणाचंच मन घेत नाही.

स्वरयंत्रावर लेसर वापरताना एक छान युक्ती करतात. नळीच्या टोकाशी फुगा असतो, तो एरवी हवेनं फुगवतात. लेसरच्या वेळी त्यात मेथिलीन ब्लू घातलेलं निळं सलाईन भरतात. लेसरनं फुगा फुटलाच तर आत पाणी सांडतं आणि निळा रंग दिसून सर्जनला लगेच समजतं.

पोटात वायू असतो हे सांगायला डॉक्टर नको. आतड्यातले जंतू हायड्रोजन तयार करतात, काही जणांत मिथेनही. दोन्ही पेटणारे. १९७० च्या दशकात मोठं आतडं साफ करायला मॅनिटॉल ही साखरेच्या जातीची वस्तू पाजत. जंतूंनी ती खाऊन हायड्रोजन इतका वाढवला की गाठ कॉटरीनं काढताना आतड्यात स्फोट झाला आणि पेशंट दगावला. फ्रान्समधली ही घटना १९७९ साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली. आता त्यासाठी जंतूंना न पचणारी पावडर पाण्यातून देतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोट कार्बन डायऑक्साइडनं फुगवतात, त्याचं एक कारण हेच: तो पेटत नाही आणि पेटूही देत नाही.

६. तिघांच्या हातातली आग

आता थोडं मागे सरून पाहा. ठिणगी सर्जनच्या हातात असते. ऑक्सिजनचा खटका भूलतज्ज्ञाच्या हाताशी, पडद्याच्या पलीकडे. स्पिरिट, चादरी, बोळे बहुतांशी सिस्टरच्या ताब्यात. प्रत्येक जण आपलं काम अगदी पुस्तकाप्रमाणे करत असतो आणि तरीही आग लागू शकते, कारण तिघांपैकी कुणालाच दुसऱ्या दोघांकडे काय चाललंय ते दिसत नाही. सर्जनला ऑक्सिजन किती आहे हे ठाऊक नसतं. भूलतज्ज्ञाला कॉटरीचा आवाज ऐकू येतो तेव्हा ती चालू झालेली असते.

म्हणून सुरी लावण्याआधी तीन प्रश्न मोठ्यानं विचारायची पद्धत काही रुग्णालयांनी पाडली. ऑपरेशन छातीच्या खालच्या टोकापेक्षा वर आहे का? ऑक्सिजन उघडा, म्हणजे मास्क किंवा नाकातल्या नळीतून चालू आहे का? कॉटरी, लेसर किंवा तत्सम काही वापरणार का? प्रत्येक ‘हो’ला एक गुण. आधीच्या उदाहरणातली मानेवरची गाठ: तिन्हींना हो, तीन गुण, सर्वाधिक धोका. कमरेत इंजेक्शन देऊन, मास्क लावून केलेलं अपेंडिक्स: दोन. कॉटरीशिवाय, ऑक्सिजनशिवाय मोतीबिंदू: एक. तीन गुण आले की आधी सगळे थांबतात आणि कोण काय करणार ते ठरवतात.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी यादी आणली. तिच्यामागचं प्रमुख नाव डॉ. अतुल गावंडे, त्यांच्या वडिलांचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं उमरखेडजवळचं उटी. त्या १९ मुद्द्यांत आग नाही. यादी छोटी ठेवायची होती आणि आग दुर्मीळ, हे समजण्यासारखं आहे. पण यादी आपल्या गरजेनुसार वाढवावी, असं त्या यादीतच म्हटलेलं आहे. आणखी एक ओळ घालायला कुणाची परवानगी लागत नाही.

७. पेटलंच तर

चादर पेटली तर क्रम असा: वायू बंद, जळती चादर ओढून जमिनीवर, अंगावर सलाईन. हे तिन्ही जवळजवळ एकदम, वेगवेगळ्या माणसांनी. त्यासाठी धोक्याच्या ऑपरेशनला निर्जंतुक सलाईनचा भरलेला वाडगा टेबलाजवळ उघडा ठेवतात. बाटलीचं बूच फोडत बसायला वेळ नसतो. एवढ्यानं विझलं नाही तर कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक वापरतात. पावडरचं नको, कारण ती उघड्या जखमेत भरते. तेही पुरलं नाही तर भोंगा वाजवायचा, पेशंटला बाहेर काढायचं, दार ओढून घ्यायचं आणि थिएटरबाहेरच्या पेटीतला ऑक्सिजनचा वॉल्व्ह फिरवायचा. तो वॉल्व्ह कुठे आहे, हे थिएटरमधल्या मावशींना आणि वॉर्डबॉयलाही माहीत असायला हवं, कारण त्या क्षणी मोकळे हात त्यांचेच असतात.

श्वासनळीत आग असेल तर नळी ताबडतोब बाहेर काढायची आणि वायू बंद करायचे. श्वासाची नळी उपटून काढणं भूलतज्ज्ञाच्या सगळ्या शिकवणुकीविरुद्ध जातं, हात कचरतो, म्हणूनच याची रंगीत तालीम करावी लागते. मग घशात सलाईन, आणि आग विझल्यावर मास्कनं पुन्हा श्वास. बाहेर काढलेली नळी तपासायची: तिचा तुकडा आत राहिलेला नाही ना? दुर्बीण घालून श्वासनळीही पाहायची.

८. पेशंटच्या बाजूनं

ऑपरेशनच्या दिवशी केसांना तेल, हेअर स्प्रे, अंगाला अत्तर किंवा डिओडरंट, चेहऱ्याला व्हॅसलिन लावू नये. दाढी-मिशा राखायच्या असतील तर आधी सांगावं. पाण्यात विरघळणारी जेली लावून त्या ओल्या ठेवता येतात. घरी ऑक्सिजन लावत असाल तर भूलतज्ज्ञाला मिनिटाला किती लिटर हे सांगावं. पूर्ण शुद्धीत, जागा बधिर करून ऑपरेशन चाललं असेल आणि चादरीखाली गरम वाटलं, करपल्याचा वास आला, तर संकोच न करता लगेच बोलावं. चादरीच्या आतली बातमी बाहेर पोचवू शकणारं त्या खोलीत दुसरं कुणी नसतं.